प्रश्न विचारणारा शिष्य : भातखंडे यांचे मराठी गद्य आणि भंडाऱ्यातील एक वर्ग

अर्वाचीन मराठी गद्य शिकवण्याची आपली एक ठरलेली वाट आहे. लोकहितवादींची शतपत्रे, जोतीराव फुले, चिपळूणकरांची निबंधमाला, आगरकर, मग राजवाड्यांच्या प्रस्तावना आणि टिळकांचे 'गीतारहस्य'. पंधरा-सोळा वर्षे मीही याच वाटेने वर्गाला नेत आलो. या वाटेवर पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव कुठेही लागत नाही. ते संगीतवाल्यांचे, आपले नव्हेत, अशी वाटणी कधी कोणी केली हे सांगता येत नाही. पण ती आपल्या अंगवळणी पडली आहे. संगीताचा विद्यार्थी भातखंडे यांच्याकडे कोष्टकांसाठी जातो आणि साहित्याचा विद्यार्थी त्यांच्याकडे जातच नाही. परिणामी विसाव्या शतकाच्या आरंभीचा एक मोठा मराठी गद्यग्रंथ वाचकाविना राहिला आहे.

हा ग्रंथ म्हणजे 'हिंदुस्थानी संगीत पद्धति'. १९१० ते १९३२ या काळात त्याचे चार भाग मराठीत प्रसिद्ध झाले. भातखंडे (१८६०–१९३६) मुंबईचे, वाळकेश्वरचे. बी.ए., एल्एल्.बी. होऊन वकिली करणारे गृहस्थ. संस्कृत, इंग्रजी, गुजराती, हिंदी या भाषा त्यांना अवगत होत्या. १९१६ साली बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा उत्तर हिंदुस्थानच्या संगीताच्या इतिहासावरचे आपले व्याख्यान त्यांनी इंग्रजीतून दिले. सूत्रग्रंथ लिहिला तो संस्कृतात. पण जिथे खरा वाद घालायचा होता, शंका काढायच्या आणि फेडायच्या होत्या, तिथे त्यांनी मराठी निवडली. उत्तरेकडच्या विद्यार्थ्यांना हा ग्रंथ पुढे हाथरसहून निघालेल्या हिंदी भाषांतरातून मिळाला. आपल्याकडे तो मुळातून उपलब्ध असूनही आपण वाचत नाही, हे थोडे लाजिरवाणे आहे.

ग्रंथाचे रूप संवादाचे आहे. शिष्य विचारतो, गुरू उत्तर देतो. शिष्याला नाव नाही. मराठीच्या विद्यार्थ्याला हे रूप नवे वाटू नये. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' गुरुशिष्यसंवाद आहे आणि तो वैनगंगेच्या काठी, आमच्या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या अंभोऱ्याला रचला गेला असे इकडची परंपरा मानते. (अंबाजोगाईकर ते मानीत नाहीत. तो वाद आमच्या वर्गात दरवर्षी एक तास खातो आणि मी तो खाऊ देतो.) 'दासबोध'ही संवादच. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती जोतीराव आणि धोंडीबा यांच्या बोलण्यातून. म्हणजे अध्यात्म सांगणारा संवाद आणि समाजाची झडती घेणारा संवाद अशा दोन्ही परंपरा भातखंडे यांच्या मागे उभ्या आहेत. प्रश्न असा पडतो की, त्यांचा शिष्य यांपैकी कोणत्या घराण्यातला?

पहिला भाग वाचताना उत्तर सोपे वाटते. शिष्य आज्ञाधारक आहे. गुरूला जे सांगायचे आहे त्याच्या नेमके अलीकडे येऊन तो थांबतो आणि प्रश्न विचारतो. धोंडीबाचा राग त्याच्यात नाही. मात्र गुरू कोणाचा आधार घेतो ते पाहू लागलो की प्रकरण वेगळेच दिसू लागते. १९१० च्या सुमारास 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. कर्त्याचे नाव होते चतुरपंडित. हे चतुरपंडित म्हणजे भातखंडेच. पुढे विष्णुशर्मा हे आणखी एक नाव त्यांनी घेतले. मराठी ग्रंथातला गुरू या संस्कृत ग्रंथाचे विवरण करतो आणि त्याच्या कर्त्याविषयी परक्या माणसाविषयी बोलावे तसे बोलतो. सूत्रकार तोच, भाष्यकार तोच, शिकवणारा तोच आणि शिष्याच्या तोंडी प्रश्न घालणाराही तोच. कथनमीमांसेचा पेपर घेणाऱ्या विद्यार्थ्यांना याहून चांगले उदाहरण कादंबरीतही चटकन सापडणार नाही.

हे नुसते गमतीचे नाही. त्यामागे एक अडचण होती आणि ती समजून घेतली की भातखंडे यांचे इतिहासलेखन कळू लागते. भरताचे 'नाट्यशास्त्र' आणि शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' हे आपल्या संगीताचे मूलग्रंथ मानले जात. 'रत्नाकर' तर आपल्याच भूमीतला. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी लिहिलेला. पण भातखंडे यांनी हे ग्रंथ वकिलाच्या नजरेने तपासले, तेव्हा त्यांना दिसले की त्यांत वर्णिलेले स्वर आणि राग आज गायल्या जाणाऱ्या स्वर-रागांशी जुळवून दाखवता येत नाहीत. नावे तीच असली तरी वस्तू बदललेली आहे. तेव्हा प्राचीन ग्रंथांचे दाखले देऊन आजचे गाणे शुद्ध किंवा अशुद्ध ठरवण्यात अर्थ नाही. आज गायले जाते ते 'लक्ष्य', आणि 'लक्षण' त्याच्यामागून यायचे. परंपरा वेदकाळापासून अखंड चालत आली आहे असे म्हणणे ज्या काळात देशकार्य समजले जाई, त्या काळात हा माणूस म्हणत होता की आपल्या आजच्या संगीताचा पुराव्याने सांगता येणारा इतिहास काही शतकांपलीकडे जात नाही. हे धाडस होते. पण जुने ग्रंथ बाजूला ठेवायचे तर लोकांनी मानावे असे प्रमाण कोणते? शास्त्र म्हणजे संस्कृत, ही समजूत तर समाजात घट्ट होती. म्हणून त्यांनी नवा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि चतुरपंडिताच्या स्वाधीन केला. या युक्तीला लबाडी म्हणावे की नाही यावर वर्गात मतभेद होतात. मला ती लबाडी वाटत नाही. जुन्या न्यायालयात नवा खटला उभा करणाऱ्या वकिलाची ती शिकस्त वाटते.

राजवाड्यांशी त्यांची तुलना करावीशी वाटते. राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव हिंडले, भातखंडे पोथ्या आणि बंदिशींसाठी. भारत इतिहास संशोधक मंडळ आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चा पहिला भाग यांचे साल एकच, १९१०. १९०४ साली भातखंडे दक्षिणेत गेले. एट्टयापुरमला सुब्बराम दीक्षितांना भेटले. व्यंकटमखीच्या 'चतुर्दण्डिप्रकाशिके'तील ७२ मेळांची रचना त्यांनी अभ्यासली आणि पुढे उत्तरेच्या रागांसाठी १० थाटांची चौकट मांडली : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. १९०७ च्या दौऱ्यात ते नागपूरला आले आणि पुढे कोलकात्याला गेले. नागपूरहून कोलकात्याकडे जाणारी सरळ आगगाडी तेव्हाही आमच्या वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून आणि तुमसर रोडवरून जात असे. बहुधा तेही याच मार्गाने गेले असतील. उतरण्याचे त्यांना काही कारण नव्हते. इथे दरबार नव्हता, पोथीशाळा नव्हती, नामांकित खाँसाहेब नव्हते. भंडारा पितळेच्या भांड्यांचे गाव. आसपासच्या खेड्यांत दंडार होती, खडी गंमत होती. पण तो त्यांच्या शोधाचा विषय नव्हता. याच लोहमार्गावर पुढे राजनांदगावजवळ खैरागढ लागते. तिथे १९५६ साली इंदिरा कला संगीत विद्यापीठ स्थापन झाले आणि भातखंडे यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर तिथे कुलगुरू झाले. म्हणजे भातखंडे परंपरा आमच्या दारावरून दोनदा गेली, असे मी वर्गात सांगतो. मुले हसतात.

आता त्या संवादात कोण बोलत नाही ते पाहू. गुरू शिष्याला आपल्या प्रवासातल्या भेटी सांगतो. अमुक शहरी एक खाँसाहेब भेटले, त्यांना विचारले, त्यांना सांगता आले नाही. हे प्रसंग मोठे वाचनीय आहेत. भातखंडे यांचा उपरोध मराठी विनोदाच्या इतिहासात नोंदवावा असा आहे. पण या प्रसंगांत प्रश्न वकिलाचे असतात आणि उत्तरे साक्षीदाराची. या रागात धैवत कोणता लावता? का? आधार काय? ज्याने आयुष्यभर तो धैवत लावला आहे, त्याला तो 'का' लावतो हे ग्रंथाच्या भाषेत सांगता आले नाही, की तो अडाणी ठरतो. दुसरीकडे, याच उस्तादांनी दिलेल्या धनावर भातखंडे यांचा संग्रह उभा आहे. जयपूरच्या मनरंग परंपरेतील महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र आशक अली खाँ यांनी त्यांना पुष्कळ बंदिशी दिल्या. रामपूरच्या दरबारातूनही मिळाल्या. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत त्या स्वरलिपीसह छापल्या गेल्या आणि कोणालाही विकत घेता येऊ लागल्या. घराण्याच्या भिंतीआड असलेली विद्या मध्यमवर्गीय मुलामुलींच्या हाती आली, हा त्यांचा उपकार खराच. ती विद्या देणारा मात्र पुस्तकात हळूहळू आडनावापुरता उरला.

जानकी बखले यांच्या 'टू मेन अँड म्युझिक' या २००५ सालच्या इंग्रजी ग्रंथाने भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुसकर या दोघांची अशीच परखड तपासणी केली आणि महाराष्ट्रात काही जणांना ती रुचली नाही. मला तिच्यातले सारेच पटते असे नाही. भातखंडे यांचा खरा राग अज्ञान लपवणाऱ्यांवर होता आणि त्यांनी संस्कृताभिमानी पंडितांनाही सोडलेले नाही, हे मराठी मूळ वाचताना अधिक जाणवते. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. उस्ताद विद्या दडवतात, त्यांना शिकवता येत नाही, हे या गद्यातले पालुपद आहे. आणि नेमक्या त्याच वर्षांत अब्दुल करीम खाँ पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवीत होते (१९१३). इतिहास शिकवताना ही दोन सालें शेजारी लिहावी लागतात.

बायकांचे तर विचारूच नये. १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्याला ग्रामोफोन कंपनीने ध्वनिमुद्रणे केली आणि गौहर जान यांचा आवाज तबकडीवर आला. आपल्या रागसंगीताचा ऐकता येणारा इतिहास जिथून सुरू होतो तिथे व्यावसायिक गायिका उभ्या आहेत. आठ वर्षांनी छापलेल्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'च्या वर्गात मात्र एकही स्त्री बसलेली नाही. एकाच दशकातले हे दोन पुरावे आहेत, एक कानाचा आणि एक डोळ्यांचा, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत.

आता वर्गातली गोष्ट. संगीताचे विश्लेषण म्हणजे काय, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना कसे सांगावे हा माझा जुना प्रश्न आहे. आमच्याकडे तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूर अशा तालुक्यांतून मुले येतात. बहुतेकांनी रागदारीची मैफल प्रत्यक्ष ऐकलेली नसते. पण दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र जागून पाहिलेली असतात. काहींच्या घरी पेटी असते, काहींचे काका दंडारीत नाचलेले असतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडार यांवर जे काम केले, ते वाचल्यापासून ही मुले 'कोऱ्या पाटीची' आहेत असे म्हणणे मी सोडून दिले.

उदाहरणासाठी मी भूप आणि देशकार घेतो. दोन्हींत स्वर पाचच आणि तेच : सा रे ग प ध, सारे शुद्ध. मध्यम आणि निषाद दोन्हींत नाहीत. भातखंडे यांच्या कोष्टकात भूप कल्याण थाटातला, वादी गंधार, संवादी धैवत, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देशकार बिलावल थाटातला, वादी धैवत, संवादी गंधार, वेळ सकाळ. (घरातली भूपाळी पहाटे म्हणतात आणि राग भूपाळी रात्री कसा, हा प्रश्न कोणीतरी विचारतेच. नाव एक असले म्हणून वस्तू एक नसते, हे उत्तर भातखंडे यांचेच.) परीक्षेपुरते हे एवढे पुरते. पण इथे थांबून जरा विचार केला तर कोष्टकाखालची जमीन हलते. कल्याण आणि बिलावल या दोन थाटांत भेद आहे तो फक्त मध्यमाचा. कल्याणात तीव्र, बिलावलात शुद्ध. आणि भूप-देशकारात मध्यमच नाही! मग एकाला इकडे आणि दुसऱ्याला तिकडे बसवले ते कशाच्या आधारावर? स्वरांच्या यादीवरून हा निवाडा होऊ शकत नाही. तो चालीवरून, वळणावरून, कोणत्या स्वरावर गाणे विसावते यावरून झाला आहे. म्हणजे थाटाच्या चौकटीला तिच्या बाहेरच्या कानाची साक्ष काढावी लागली. लक्ष्य आधी आणि लक्षण मागून, हे जे गुरू शिष्याला सांगतो, ते त्याच्याच कोष्टकाच्या फटीतून असे बाहेर डोकावते.

दोन वर्षांपूर्वी मी नावे न सांगता दोन ध्वनिमुद्रणे वर्गात लावली, एक भूपाचे, एक देशकाराचे, आणि फरक काय तो आपल्या शब्दांत सांगा म्हटले. मोबाइलला जोडलेला साधा स्पीकर होता, खिडकीबाहेर दुचाकींचा आवाज. बराच वेळ कोणी बोलेना. मग लाखांदूरकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, पयला गाना खालतं बसते, दुसरा वरतं उभा राह्यते." वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण त्याने पुस्तकच सांगितले होते. सप्तकाच्या खालच्या अर्ध्याला पूर्वांग म्हणतात, वरच्याला उत्तरांग. भूप पूर्वांगप्रधान, त्याचा विसावा गंधाराशी. देशकार उत्तरांगप्रधान, धैवतावर तो ताठ उभा राहतो आणि तिथूनच खाली पाहतो. 'वादी ग, संवादी ध' या चार अक्षरांत जे गोठले आहे ते त्या मुलाने बसणे आणि उभे राहणे या दोन क्रियापदांत वितळवून दिले. त्याच्या घरी नाटकात पेटी वाजवणारे कोणी आहे, हे मागाहून कळले.

या मुलाला 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'त जागा नाही. तिथला शिष्य प्रश्न विचारतो. ऐकून निरीक्षण नोंदवत नाही. ग्रंथाची ही मर्यादा मला सर्वांत मोठी वाटते. आणि पुढे गाईडबुकांनी तर प्रश्नही काढून टाकले, फक्त उत्तरे ठेवली. थाट, वादी, संवादी, समय, जाती. संगीताच्या परीक्षा देणारी आमच्याकडची मुले हे तोंडपाठ म्हणतात आणि गाणे लावले की गप्प बसतात. यात भातखंडे यांचा दोष किती आणि त्यांना आटवून कोष्टकात भरणाऱ्यांचा किती, हे ठरवायचे तर मूळ चार भाग वाचण्यावाचून गत्यंतर नाही. मूळ ग्रंथात एकेका रागावर पानेच्या पाने शंका आहेत, मतभेद नोंदलेले आहेत, अमुक ग्रंथकार असे म्हणतो, प्रचारात तसे नाही, असे आहे. कोष्टकात यातले काही येत नाही.

ऐकणाऱ्याला मराठी समीक्षेत जागा मिळाली ती पुढे. वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी' १९६१ चे. वामनराव पेशाने हिशेबतपासनीस, गाणे शिकलेले आणि उदंड ऐकलेले. त्यांनी घराण्यांची वंशावळ मांडत बसण्याऐवजी स्वर आणि लय ही दोन टोके घेतली. किराणा स्वराच्या टोकाशी, आग्रा लयीच्या टोकाशी, जयपूर दोहोंचा तोल राखणारे. आज हा आराखडा फार नेटका वाटतो आणि जयपूरच्या बाजूचे त्यांचे माप थोडे झुकतेही वाटते. पण त्यात एक गोष्ट नवी होती : तबकडी लावून वाचकाला हे मत स्वतः पडताळता येते. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी ऐका, मग फैयाज खाँ यांचे काही ऐका, आणि वामनरावांचे पान उघडा. पुढे अशोक दा. रानडे यांनी 'संगीताचे सौंदर्यशास्त्र' (१९७१) लिहून या विचाराला परिभाषा दिली. मराठी समीक्षेचा इतिहास शिकवताना मर्ढेकर घेतो, रा. भा. पाटणकर घेतो, हे दोघे मात्र आपण वगळतो.

यंदा मी वर्गाला एक स्वाध्याय दिला. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'तल्या उस्तादांच्या भेटीचा एक प्रसंग वाचायचा आणि तो खाँसाहेबांच्या बाजूने पुन्हा लिहायचा. संवादरूप कायम ठेवायचे. बहुतेकांनी खाँसाहेबांना भांडायला लावले, ते अपेक्षितच होते. पवनीकडच्या एका मुलीने वेगळे लिहिले. तिचे खाँसाहेब उत्तर देण्याआधी वकिलांना विचारतात, तुम्ही हा राग कोणाकडून ऐकला? वकील ग्रंथाचे नाव सांगतात. खाँसाहेब पुन्हा तेच विचारतात. असे तीनदा होते. मग ते तंबोरा मागवतात आणि तिचा कागद तिथे संपतो. उत्तर अपुरे आहे म्हणून गुण कापावेत की काय, अशी मी क्षणभर शंका घेतली. मग पहिल्या भागातला तो प्रसंग काढून पुन्हा वाचला आणि तिच्या कागदाशेजारी ठेवला. पुढच्या आठवड्यात दोन्ही वर्गात वाचायचे आहेत. त्यानंतर मारवा, पूरिया आणि सोहनी. तिथे स्वर तेच आहेत, थाटही एकच आहे आणि राग तीन आहेत.